नातीची डॉक्टरकी आणि माझे पेढे

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं जे काही शिकलो ते इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या बसवर. तेव्हा घरात कुणी डॉक्टर होणार म्हटल्यावर गप्प बसणारा माणूस मी नव्हे. नातीनं अर्जही भरला नव्हता, तोवर इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मी जाहीर करून मोकळा झालो: आमची पोरगी डॉक्टर होणार, आणि पेढे माझ्याकडून. झालं. फराळाच्या बशा हातात घेऊन सगळे म्हातारे तिच्याभोवती बसले आणि पॅन्ट वर सरकवून गुडघे दाखवायला लागले. पोरगी अजून शाळेत. बिचारी प्रत्येकाला सांगत होती, पॅरासिटामॉल घ्या.

इथली रीत अशी की एकाच अर्जावर पाच कॉलेजं निवडायची, आणि त्यात मेडिकलची चारच. पाचव्या जागी दुसरा विषय घाला, नाहीतर ती मोकळी सोडा. नातीनं तिथं बायोमेडिकल सायन्स घातलं. म्हणजे मेडिकल नाहीच मिळालं तर आधी ती डिग्री करायची आणि मग पुन्हा मेडिकलचं दार वाजवायचं. मला हे मुळीच पटलं नाही. मुंडावळ्या बांधून निघालेल्या नवरदेवानं वाटेत दुसरी मुलगी बघून ठेवावी, तसलं ते. मोकळी सोड, म्हणालो. तिनं मान डोलावली आणि तिला हवं तेच केलं. हा हट्ट कुणाकडून आला ते मी सांगत नाही.

वसंत ऋतू येईपर्यंत चारही मेडिकलवाल्यांनी नाही म्हटलं. बायोमेडिकलवाल्यांनी तेवढं हो म्हटलं.

मी म्हणालो, वर्षभर घरी थांब, पुन्हा अर्ज कर. नातीला थांबायचं नव्हतं. ती त्या कॉलेजची लॅब बघून आली होती आणि तेव्हापासून तिच्या तोंडात दुसरं काही नव्हतं. उत्तर कळवायची मुदत जवळ येत होती, पण आजोबांनी हो म्हटल्याशिवाय कळवणार नाही, असं ती आईला सांगून बसली होती. आता आली का पंचाईत. मी विचारलं, मंडळात काय तोंड दाखवू?

तिचा चेहरा उतरला. "आजोबा, मी डॉक्टर होणारच आहे. फक्त तुमच्या रस्त्यानं नाही."

आमची ही मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, डेपोत तुम्ही पहिल्याच दिवशी स्टिअरिंगवर बसलात का?"

"ते वेगळं होतं."

"ड्रायव्हर करत नाही म्हणाले होते ना? कंडक्टर व्हा म्हणाले. मग काय तुम्ही रुसून घरी बसला होतात?"

कंडक्टर म्हणून मागच्या दारात उभं राहून मी प्रत्येक स्टॉप पाठ केला, कुठल्या वळणावर माणसं तोल जाऊन अंगावर येतात तेही. म्हणून पुढं गाडी हातात आली तेव्हा मला कुणाला वाट विचारावी लागली नाही. ही गोष्ट मी या घरात इतक्यांदा सांगितलीय की नात लहानपणी ती ऐकत ऐकत झोपायची. कप विसळता विसळता तीच आता माझ्या आवाजात म्हणाली, "आख्खा रूट मला पाठ होता, समजलं का?"

सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली. हसली तर हसली.

मी म्हणालो, "कळव त्यांना. पण मेडिकलचं दार वाजवायचं सोडलंस तर गाठ माझ्याशी."

"वाजवत राहीन," ती म्हणाली आणि ओल्या हातांनीच गळ्यात पडली.

गणपतीत पेढ्यांचा मोठा डबा घेऊन मी मंडळात गेलो. मंडळाचे खजिनदार माझे जुने दोस्त, टोमणा मारल्याशिवाय पेढा गिळायचे नाहीत. म्हणाले, "मेडिकलला लागली वाटतं?"

"नाही. कंडक्टर झालीय," मी म्हणालो. "ड्रायव्हर झाली की परत पेढे देईन. तोवर तुमचे गुडघे झाकून ठेवा."