साठेकाकांच्या टँकमधली पीडा

आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत खाऱ्या पाण्याचे मासे पाळणारे आम्ही तिघंच, तिघंही मराठी: मी, नसरीनताई शेख आणि रिटायर्ड साठेकाका. पण किस्से इतके, की एक संपवावा तर त्यातून चार फुटतात. टँकमधल्या त्या पीडेसारखेच!

*

पीडा आली डब्यातून. काकांनी नसरीनताईंना चिवडा दिला होता. आता मराठी घरातून रिकामा डबा परत जातो का? ताईंनी खाऱ्या पाण्यात कोरलचा तुकडा घालून डबा परत केला. तुकड्याला ॲनिमोन नावाचा एक तपकिरी, केसाळ समुद्री जीव चिकटून आला. दिसायला फूल, पण शेजारच्या कोरलला डंख मारत सगळा टँक व्यापणारं. काकांना काय माहीत! "वा! एकावर एक फ्री!" म्हणत त्यांनी त्याला कोळंबी भरवली.

*

पुढे कळल्यावर काकांनी ते टूथब्रशने खरवडलं. जितके तुकडे पडले, तितके नवे उगवले.

"सगळी नोकरी केंद्र सरकारात काढली," काका म्हणाले, "पण इतक्या स्पीडने काही वाढताना पाहिलं नाही!"

आम्ही हसलो. काका नाही हसले. काकू गेल्यापासून गुडगावचा मुलगा मागे लागला होता, एकटे राहू नका म्हणून. "मासे कोण बघणार?" हे काकांचं ठरलेलं उत्तर. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. टँक सांभाळता येतोय तोवर राहा." म्हणजे टँक गेला की घरही गेलं.

*

लिंबाचा रस टोचला की पीडा मरते, असं ताईंनी वाचलं. काका केमिस्टकडे सिरिंज आणायला गेले.

"किसके लिए, अंकल?"

"फूल को मारना है."

केमिस्टने सिरिंज दिली नाही. उलट आमच्या सोसायटीच्या गार्डला म्हणाला, "अंकल का ध्यान रखना." आणि गार्डने थेट मुलाला फोन केला! काकू आजारी होत्या तेव्हा ही काळजीवाहू मंडळी कुठे होती, देव जाणे.

*

मग माशांच्या दुकानदाराने एक महागडा मासा गळ्यात मारला. "ये सब खा जाएगी, अंकल!"

बिल्कुल खाल्लं. उरलंसुरलं कोरलसुद्धा खाल्लं. फक्त पीडेला तोंड लावलं नाही. आणि मेला.

*

एका रविवारी मुलगा आला. टँककडे बघून एवढंच म्हणाला, "बाबा, चला." मासे माझ्याकडे आले, टँकमध्ये ब्लीच पडलं. काका चपला शोधत राहिले. मला त्या मुलाचा फार राग आला. तो चुकीचं काही बोलला नव्हता, म्हणून जास्तच आला.

*

दिवाळीत ताई आणि मी गुडगावला गेलो. ताईंनी काकूंच्या पद्धतीच्या चकल्या केल्या होत्या. घर चकाचक, मासा सोडाच, धूळसुद्धा नाही. निघताना सून म्हणाली, "डबा धुऊन ठेवलाय."

"थांब," म्हणून काका डबा घेऊन आपल्या खोलीत गेले. आणून दिला तेव्हा चांगला जड होता.

"सरळ धरून न्या," ते म्हणाले.

घरी येऊन उघडला. आत खारं पाणी, आणि तळाला ब्लीचमधून वाचवलेला एक तपकिरी ॲनिमोन, सगळे केस पसरून.

ताईंनी आधी लिंबू कापायला घेतलं. मग ते तसंच ठेवलं आणि फ्रीजमधून कोळंबी काढली.