बापाचं बयान

माझा बाप साकोलीला पोलीस शिपाई. बंदोबस्त कुठे आहे, हे तो घरी कधीच सांगत नसे.

मामाचं गाव वैनगंगेच्या धरणात चाललं होतं, म्हणून आम्ही रस्ता अडवला. लाठ्या सुरू झाल्या. मामाचं डोकं फुटलेलं पाहून मी दगड उचलला आणि समोर दिसेल त्या वर्दीवर हाणला. हेल्मेट उडालं. तो बाप होता. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरत होतं. त्यानं मला ओळखलं, धावत येऊन मांडीवर दोन काठ्या ओढल्या.

"पळ, हरामखोरा!"

संध्याकाळी टाके घातलेला बाप माझी सुजलेली मांडी शेकत बसला. आईनं विचारलं, "तुमाले कोनं मारला जी दगड?"

"अज्ञात इसमानं. तसंच बयान देलो."