सर्व्हर टिकला, सलमाताई गेल्या

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

आमच्या साताऱ्याच्या ऑफिसातला सर्व्हर रोज दुपारी मेमरी भरून बंद पडायचा. लोणंदहून येणाऱ्या सलमाताई तो पुन्हा सुरू करायच्या. तेच त्यांचं काम. मीच मागे लागलो म्हणून काल त्यांनी प्रोग्रॅमचा मेमरी अ‍ॅलोकेटर, म्हणजे मेमरी वाटून देणारा भाग, बदलून सेटिंग नीट लावलं. आज दुपार उलटली तरी सर्व्हर चालूच होता.

ताईंनी आनंदाने कंदी पेढे वाटले. साहेब म्हणाले, "लय भारी, ताई! मग आता तुमी हितं बसून करणार काय? उद्यापासनं येऊ नका."

आम्ही चेष्टा समजून हसलो.

"आवं साहेब, खरंच?" ताईंनी विचारलं.

"व्हय."

पेढा माझ्या तोंडात होता. मी तो मुकाट्याने गिळला.

तुम्ही बोलला असता?