घरच्या गाजराचा पुरावा

गाजर किसताना त्याचा मातकट, गोडसर वास आला की गोखिवऱ्याच्या आमच्या घराचं अंगण आठवतं. तिथल्या चिकणमातीत पप्पांची गाजरं दोन-दोन पायांची, पायात पाय अडकलेली निघायची. एका हिवाळ्यात त्यांनी वाफा उंच केला, रेती आणि शेणखत मिसळलं, ढेकळं हाताने फोडली. गाजरं अगदी सरळ निघाली. पप्पांनी ती घासूनपुसून शेजारच्या मावशींना दिली.

"छान आहेत," मावशी म्हणाल्या. "तुळिंजच्या बाजारातली का?"

पप्पा घरी आले. पुढच्या वर्षी त्यांनी वाफ्याच्या कोपऱ्यात चिकणमाती तशीच ठेवली, वाटताना प्रत्येकाच्या वाट्यात एक वाकडं गाजर घालता यावं म्हणून.

तेव्हा मी खूप हसले होते. आता पाहुण्यांसाठी हलवा करताना मीही दोन-चार तुकडे न किसताच टाकते.