कार्डावरची शेवटची ओळ

त्या सोमवारी सुपडूभाऊ चपला न काढताच क्लासमध्ये आले. जळगावच्या आमच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये चपला बाहेर काढणं हा पहिला नियम होता, आणि तो सर्वांत कसोशीने भाऊच पाळत. त्यामुळे काहीतरी बिघडलं आहे हे त्यांनी तोंड उघडण्याआधीच कळलं...

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. आमच्या बॅचला कोबोल ही प्रोग्रॅमिंगची जुनी भाषा येत होती, पण ऑफिसांना आता याद्या ठेवायचं नवं फॉक्सप्रो हवं होतं. जाडजूड इंग्रजी मॅन्युअल एकच, तेही सरांच्या कपाटात.

मी मराठी माध्यमातली, बोर्डाच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आलेली. चारचौघांत बोलणं मला जमत नसे, पण लिहायला सांगितलं की हुरूप येई. म्हणून सरांनी मॅन्युअल माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, "एका पानात बसव. कमांड आणि समोर मराठीत अर्थ."

मी पंधरा दिवस खपून ते कार्ड केलं. दोन रंगांची शाई, दोन्हीकडे समास, धड्यांच्या क्रमाने कमांड. सर्वांत वर CREATE, म्हणजे नवी फाइल तयार करणे. खिशात मावेल अशी लहान झेरॉक्स काढून, लॅमिनेट करून ते सगळ्या बॅचला वाटलं, आणि एक नोटीस बोर्डावर लावलं.

शेवटची ओळ मात्र मॅन्युअलमधली नव्हती, माझ्या मनाची होती. पडद्यावर अचानक इंग्रजी प्रश्न उमटला की मी गोठून जात असे, आणि मागे उभी असलेली मुलं खाकरत. तसं कुणाचं होऊ नये म्हणून मी लिहिलं होतं : 'पडद्यावर प्रश्न आल्यास घाबरू नये. Y दाबावे.'

ती ओळ सगळ्यांना फार आवडली होती...

सुपडूभाऊ साक्रीकडचे. वीस वर्षं टायपिंगचे क्लास चालवून, पंचेचाळिशीत प्रोग्रॅमिंग शिकायला आलेले. "इंग्रजी मन्हा बोटेसले येस, माले नही," असं स्वतःच हसत सांगायचे. धुळ्याच्या एका बियाणे संस्थेने सभासदांच्या यादीचा प्रोग्रॅम त्यांच्यावर सोपवला होता. काम जमलं तर कायमची नोकरी, नाही तर पुन्हा टाइपरायटर.

तीन आठवडे ते रोज एस.टी.ने धुळ्याला जाऊन नावं भरत होते आणि संध्याकाळी क्लासला परतत होते. सकाळी फाइल उघडून द्यायला संस्थेतला एक जाणता माणूस असे. शनिवारी तो रजेवर होता, म्हणून भाऊंनी माझं कार्ड समोर ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

CREATE, आणि पुढे त्याच फाइलचं नाव. संगणकाने इंग्रजीत विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर नवी लिहू का? भाऊंनी कार्डाची शेवटची ओळ पाहिली आणि Y दाबलं.

"बठ्ठा नावं गयात, सर," ते म्हणाले. सगळी नावं पुसली गेली होती, आणि फ्लॉपीवर कॉपी घेतलेली नव्हती.

सर वैतागले. "अहो भाऊ, काय विचारलंय ते वाचायचं तरी. Y कशाला दाबलंत?" मागून कुणीतरी म्हणालं, "भाऊंनी सगळ्या सभासदांना एकदम मोक्ष दिला." सगळे हसले.

मला उत्तर ठाऊक होतं. तीन बाकं सोडून मी बसले होते, एक वाक्य पुरेसं होतं... भाऊंचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, जिथे ते कार्ड असायचं, आणि तसाच खाली आला. "मन्हीच चूक शे," ते म्हणाले.

मी वहीत पाहत राहिले. खोटं कशाला सांगू, सगळे हसले तेव्हा मीही ओठ हलवले होते.

त्या आठवड्यात मी नवं कार्ड केलं. शेवटच्या ओळीच्या जागी लिहिलं, 'प्रश्न पूर्ण वाचावा, मगच उत्तर द्यावे.' नोटीस बोर्डावरचं जुनं कार्ड काढून, कुणी नसताना हे नवं लावलं. कुणाला कळणार नाही अशा बेताने चूक सुधारायची, एवढीच तेव्हा माझी प्रामाणिकपणाची झेप होती.

दोन दिवसांनी जिन्यात भाऊ भेटले. म्हणाले, "ताई, शेवटली ओळ बदलेल दिसस. माले बी एक नवं कार्ड दे."

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "भाऊ, तुम्ही सरांना कार्ड का दाखवलं नाहीत?"

"मी दावतू तर तू दुसरा दिन क्लासले येतीच नही," ते सहज म्हणाले. "मन्हं काय, मी परत टाइप करसू."

संस्थेने त्यांना महिनाअखेरीपर्यंत मुदत दिली होती. पुढचे तीन रविवार मी एस.टी.ने धुळ्याला गेले. मी रजिस्टरमधून नावं वाचायची, भाऊंनी न पाहता टाइप करायची... माझा आवाज कुणासमोर इतका वेळ पहिल्यांदाच चालला. यादी मुदतीच्या एक दिवस आधी पूर्ण झाली आणि भाऊंना नोकरी मिळाली.

पण सरांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. बॅच संपली, त्या हशातली मुलं पांगली, आणि 'भाऊंनी फाइल उडवली' हा किस्सा तसाच राहिला. परवा जुन्या बॅचच्या ग्रुपवर तो कुणीतरी पुन्हा टाकला, खाली पंचवीस हसरे चेहरे.

म्हणून हे लिहिलं. शिकणाऱ्यांसाठी अशी कार्डं करणं हेच पुढे माझं काम झालं. प्रत्येक कार्ड बाहेर देण्यापूर्वी मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः करून बघते, ते त्या सोमवारपासून.

ग्रुपवरच्या सगळ्यांना सांगायचं ते इतकंच... भाऊंनी कार्डात लिहिलं होतं तेच केलं होतं. ती ओळ माझी होती.