पडवीतली स्टीलची पेटी

नऊ मे, शनिवार. त्या दिवशी दोन कामं होती. सुक्या मासळीला दुसरं ऊन दाखवून संध्याकाळी ती पडवीत घ्यायची, आणि नवऱ्याला पडवीच्या भिंतीत भोकं पाडण्यापासून थांबवायचं. पहिलं काम झालं.

पावसाळ्यासाठी घरात भरून ठेवायच्या जिनसांना आमच्याकडे आगोट म्हणतात. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या बंद, म्हणून केळव्यातल्या कुठल्याही शहाण्या घरात मे महिन्यात बोंबील, जवळा, वाकट्या भरलेल्या असतात. ही मासळी तीन उन्हं मागते, आणि रात्री दव लागू नये म्हणून डोक्यावर छप्पर. आमच्या घरात असं छप्पर एकच, पडवीचं. आदल्या वर्षी पत्र्याचा डबा खाऱ्या वाऱ्याने तळातून गंजला, दमट हवा आत शिरली आणि जुलैमध्ये सगळी आगोट मी माडांच्या मुळाशी पुरली. माड खूश झाले, आम्ही दोन महिने डाळीवर राहिलो. म्हणून यंदा मार्चमध्येच मी नवऱ्याला म्हटलं होतं, "बोईसरला तुमच्या ओळखीचे एवढे वर्कशॉपवाले आहेत, स्टीलची एक घट्ट झाकणाची पेटी करून आणा."

"बघू," तो म्हणाला. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ "नाही" असा आहे, फक्त तो सांगायला चार महिने लागतात.

नवरा तारापूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं मोजमापाची यंत्रं सांभाळत होता. डिसेंबरात निवृत्त झाला. निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी भला मोठा टीव्ही दिला. घरात एक टीव्ही होताच, त्यामुळे हा चार महिने खोक्यात राहिला. मग एप्रिलमध्ये शेजारच्या वाडीत त्याने एक दृश्य पाहिलं. शनिवार-रविवारपुरते येणाऱ्या मुंबईच्या मंडळींनी तिथे बंगला बांधलाय. त्यांनी पडवीतच टीव्ही लावला होता आणि समुद्राकडे पाठ करून सगळे बातम्या बघत होते. समुद्र बघायला शंभर किलोमीटर यायचं आणि बातम्या बघायच्या. नवऱ्याला ते फार आवडलं.

"आपणही लावू. दहा मेच्या रविवारी मॅच आहे, डिपार्टमेंटच्या लोकांना बोलावतो."

"आणि मासळी?"

"एक दिवस तर आहे!"

खाऱ्या हवेत टीव्ही टिकणार नाही, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. त्यावर त्याचा उपायही तयार होता. तीन आठवडे त्याने आराखडे काढले आणि बोईसरहून पेटी करून आणली. जाड स्टेनलेस स्टील, पुढे पारदर्शक जाड प्लास्टिकचं दार, दाराला चारी बाजूंनी रबर, चार भक्कम खिट्ट्या. वर कारखान्यातून सवयीने आणलेली लाल पाटी: परवानगीशिवाय उघडू नये. टीव्ही बसवण्याआधी त्याने पेटीवर बागेच्या नळीने पाच मिनिटं पाणी मारलं. आत थेंब नाही. कोरडा हात मला दाखवताना त्याचा चेहरा असा होता, की आमच्या पहिल्या मुलाच्या वेळीही मी तो पाहिला नव्हता.

म्हणजे दहा मिनिटांच्या कामाची माझी पेटी "बघू", आणि टीव्हीची पेटी तीन आठवड्यांत.

गुरुवारी दातिवऱ्याची मासळीवाली आली. वीस वर्षं ती दर मे महिन्यात मासळीच्या पाट्या घेऊन येते. तिने पडवीत पाऊल ठेवलं, पेटीकडे बघितलं आणि खूश झाली.

"बाय, बेस केलंस! मासलीला पेटी केलीस?"

"मासळीला कुठली? टीव्हीला."

"टीवीला? दादा, टीवी सडतो काय?"

नवरा उत्साहाने समजावू लागला. खारी हवा, दमटपणा, गंज, मुंग्या, पाली. तिने पाटी खाली ठेवून सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग आमची मासली बी त्यानीच सडते की!"

नवरा आत पाणी प्यायला गेला.

शुक्रवारी पहिलं ऊन, शनिवारी दुसरं. शनिवारी संध्याकाळी पेटी भिंतीवर चढली आणि मासळी तिच्या खाली खाटेवर विसावली. रविवारी दुपारी तीन वाजता बोईसरहून तिघे आले आणि नवऱ्याने खाट अंगणात काढायला लावली. "वासाचं काय आहे ना..." तो म्हणाला. तिघांतला एक इथलाच, मासवणचा. तो म्हणाला, "वासाचं काय नाय वहिनी, वास चांगला हाय." पण त्याचं कोणी ऐकलं नाही. मी अंगणात कावळे हाकायला काठी घेऊन बसले. तिसरं ऊन तर हवंच होतं. संध्याकाळी पडवी रिकामी झाली नाही तर मात्र हे सगळं दवात भिजणार आणि पुन्हा माडांकडे जाणार.

आमची पडवी पश्चिमेला उघडते. चार वाजता सूर्य पेटीच्या प्लास्टिकच्या दारावर आला आणि चौघांना मॅचऐवजी स्वतःचे चेहरे दिसू लागले, त्यांच्या मागे मी, काठी आणि खाट. गोलंदाज धावत आला की थेट माझ्या बोंबलांतून धावत येई.

"चादर बांधू," तिघांतला जळगावकडचा म्हणाला. दोन चादरी बांधल्या. ऊन थांबलं, वाराही थांबला. सिमेंटचे पत्रे तापलेले, चौघे घामाने निथळत सरबत पीत होते. पाच वाजता, ऐन रंगात, टीव्ही आपणहून बंद पडला. नवऱ्याने दाराला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

त्यानंतर जे झालं ते फक्त कारखान्याच्या माणसांनाच जमतं. कोणीही दार उघडलं नाही. चौघांनी खुर्च्या गोल करून कारणमीमांसा सुरू केली.

"पेटीला हवेची भोकं नाय?" मासवणच्याने विचारलं.

"भोकं ठेवली तर बाहेरची हवा आत येईल," नवरा म्हणाला.

"आन् आतली गरम हवा जाणार कुठनं?"



"कारखान्यात विजेच्या पॅनेलला छोटा एसी बसवतात तसा बसवू," जळगावकडच्याने सुचवलं.

"आमच्या झोपायच्या खोलीत एसी नाही," मी अंगणातून सांगितलं. "टीव्हीचा नंबर माझ्यानंतर."

शेवटी एकाने मोबाइलवर मॅच लावली आणि वारा शोधत चौघे अंगणात आले. मोबाइल मासळीच्या पालथ्या पाटीला टेकवला. माणसं मोबाइलभोवती बसली की हात रिकामे राहतात. मी त्यांच्यापुढे बोंबील सरकवले. "बघता बघता एवढी डोकी मोडा." दर विकेटला एखादं डोकं जास्तच जोराने मोडलं जायचं, पण सूर्य बुडेपर्यंत सगळे बोंबील साफ झाले. त्यांची टीम हरली.

तिघे गेल्यावर मी चादरी सोडल्या आणि खाट पुन्हा पडवीत ओढली. नवरा दार उघडून आत हात घालून बसला होता. त्याच्या चेहऱ्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दया आली असती, आणि या घरात दया आली की मासळी जाते.

सोमवारी सकाळी सहाला मी पेचकस घेऊन खुर्चीवर चढले. टीव्हीचे स्क्रू काढले, तो जपून उतरवून आतल्या खोलीत ठेवला. पेटी कोरड्या फडक्याने पुसली, तळाला वर्तमानपत्र अंथरलं. मग खाली बोंबील, मध्ये वाकट्या, वर जवळ्याच्या पिशव्या. तीन उन्हांची मासळी खडखडीत वाजत होती.

खिट्ट्यांना हात घातला तेवढ्यात नवरा मागे येऊन उभा राहिला. त्याने आत पाहिलं, मग लाल पाटीकडे.

"परवानगी कोणाची घ्यायची, ते लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

दाराच्या कडेचं रबर त्याने बोटाने चारी बाजूंनी तपासलं.

"खालच्या खिट्ट्या आधी लाव," तो म्हणाला. "वरच्या आधी लावल्या तर रबर वाकतं. हवा शिरते."

मी खालच्या आधी लावल्या.