खाडीपलीकडचं जेवण

कोणी सहलीचं नाव काढलं, की काका पेन्सिल कानावर खोचून विचारायचे, "पान्याला इचारलं का?"

बेलापूरच्या आमच्या कार्यालयात, नकाशा शाखेत ते ट्रेसर होते, आराखडे पारदर्शक कागदावर गिरवून काढणारे. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. उरणजवळच्या त्यांच्या गावातून दोन बस बदलून यायचे आणि टेबलापाशी पोचले की पाच मिनिटं डोळे मिटून बसायचे. थकलेली माणसं कचेऱ्यांत कशी बसतात ते तुम्ही पाहिलं असेलच. हे मात्र ताठ बसून थकायचे.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत समुद्र भूगोलाच्या पुस्तकापुरताच होता. नकाशा वाचायला मला कॉलेजने कमी आणि काकांनी जास्त शिकवलं. डब्यातली माशाची तुकडी माझ्या ताटात टाकत म्हणायचे, "तुमी घाटी लोक. तुमचं पानी खाली जातं नि जातंच. आमचं परत येतं. त्याची येळ सांबालावी लागते."

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा कार्यालयाची सहल त्यांनीच आखली. उरणच्या स्टँडवरून निघायचं, डोंगर चढून दोन गावांतून पलीकडे उतरायचं, खाडीचं तोंड गुडघाभर पाण्यातून ओलांडायचं, त्यांच्या घरी जेवायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने परत उरण. वाट त्यांनी नकाशावर धागा ठेवून मोजली. चढ आला की धागा जरा ढिला सोडायचे.

"बारा किलोमीटर. बायापोरं पन चालतील," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "बत्तीस वर्षं या गावाचे नकाशे काढतोय, बाला. आपल्या हापिसातल्या एकाचा पाय तिथं लागला नाय. पुढल्या साली खाडीवर भराव पडंल. त्याआधी एकदा चालून बघा, बस."

दिवस त्यांनी अष्टमीचा रविवार धरला होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा त्यांचा हिशेब. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. अकरा वाजता लहान मूलसुद्धा खाडी ओलांडेल.

त्या रविवारी साहेबांकडे पाहुणे यायचे होते. साहेब म्हणाले, "पुढचा रविवार ठेवा."

"साहेब, तवा पौर्निमा हाय."

"मग उत्तमच की! परतताना चांदणं मिळेल." सगळे हसले. मीही हसलो.

काकांनी तिथल्या तिथे पंधराची पाऊणपट केली. सव्वाअकरा. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "साडेआठच्या आत खाडी वलांडायची. मंग जमंल. अकराला तिथं पुरुषभर पानी असतं. मी घरच्या बाजूला थांबतो, साहेबांना तू आन."

"काका, टेन्शन घेऊ नका. मी आहे ना."

पौर्णिमेच्या रविवारी सकाळी सहाला निघायचं होतं. साहेब सव्वासातला आले. डोंगरावर साहेबांबरोबर आलेल्या वहिनींनी पोहे काढले, मग फोटो झाले. टोपी घालून एक, टोपीशिवाय एक. साडेआठ तिथेच वाजले. 'साहेब, चला,' हे दोन शब्द माझ्या तोंडापर्यंत येऊन परत जात होते. नोकरीत कायम होण्याचा माझा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता.

काठावर पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. खाडी भरली होती. गावातल्या होड्या पहाटेच बाहेर गेलेल्या. पलीकडे, शंभर-सव्वाशे पावलांवर, काका उभे होते. इस्त्रीचा सदरा घातला होता. तो त्यांनी ऑफिसात कधी घातल्याचं मला आठवत नाही. मागे झाडाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या, पातेली झाकून ठेवली होती, आणि दोन्ही सुना पदर खोचून आमच्याकडे बघत होत्या.

त्यांनी काहीतरी ओरडून सांगितलं. वाऱ्याने ते उडवून नेलं. मग त्यांनी हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. एकदा, पुन्हा एकदा.

"काय म्हणतायत ते?" साहेबांनी विचारलं.

मला कळलं होतं. तीनपर्यंत थांबा, पाणी उतरेल. सावली होती, पोटात पोहे होते, थांबता आलं असतं.

"काही कळत नाही, साहेब," मी म्हणालो.

"मग चला परत. उन्हात पोरं किती वेळ उभी राहणार?"

आम्ही वळलो. वळणावरून मी एकदा मागे पाहिलं. हात अजून वरच होता.

सोमवारी ते नेहमीच्या बसने आले. हातात दोन मोठे डबे होते. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी त्यांनी टेबलाटेबलावर फिरवली, साहेबांनाही दिली. "भाकरी कालच्या हायत, पन मऊ हायत." कोणी म्हणालं, "काका, नशीबच नव्हतं बघा!" ते म्हणाले, "व्हय ना."

दुपारी मी त्यांच्यापाशी गेलो. "काका, ती तीन बोटं..."

"म्हायती हाय," ते म्हणाले. "तू मागं बघितलंस तवाच समाजलं मला." मग डबा माझ्याकडे सरकवला. "जेव."

मी जेवलो. माझा कायम होण्याचा कागद पुढल्या महिन्यात निघाला. सहलीचं नाव त्यांनी परत काढलं नाही.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात भरावाचा आराखडा ट्रेसिंगसाठी त्यांच्याच टेबलावर आला. चार दिवस त्यांनी तो काढला. नवा किनारा एका सरळ रेघेत आला होता. जिथे खाडीचं तोंड होतं तिथे भूखंडांचे चौकोन होते, अक्षरं टपोरी, एकही रेघ हललेली नव्हती. खालच्या कोपऱ्यात, काढणाऱ्याच्या रकान्यात त्यांची सही होती. तपासणाऱ्याचा रकाना रिकामा होता. कायम झाल्यापासून तिथे मीच सही करायचो.

"नीट बघून घे," ते म्हणाले.

आम्ही कुठे उभे होतो आणि ते कुठे, ते मी बोटाने शोधत राहिलो. ते घड्याळाकडे न बघता शेजारी उभे होते. शेवटी मी सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, कागद गुंडाळून नळीत घातला, आणि उरणची बस गाठायला निघाले.